तुझं लुगडं, माझा शेरा

आई,

तुला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. उलट तुला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो आणि मामाच्या पत्रातलं एखादं दुखण्याखुपण्याचं वाक्य खुशाल गाळायचो. काल माझ्या सुनेनं माझ्यासाठी नाडीच्या लेंग्याऐवजी इलॅस्टिकची पँट आणली. "तुमच्या गुडघ्याला सोयीची," म्हणाली. मला विचारलं नाही. मी तिच्यावर उगाच खेकसलो, आणि तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस.

न्हाणीत पाय घसरून तुझ्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा आपण संत तुकाराम नगरच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी कंपनीत माल तपासायला, तुझी सून औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. दोघांच्या शिफ्ट जुळल्या की घराला कुलूप. ऑपरेशननंतर तुला उठवणार कोण, बसवणार कोण? म्हणून पिंपळे गुरवच्या अंगाला म्हाताऱ्या माणसांचं शुश्रूषागृह होतं, तिथे ठेवलं. भावकीनं तोंडसुख घेतलं. निघोज्याची आत्या तुझ्यादेखत म्हणाली, "लेकाला आई जड झाली जणू." तू पडल्या पडल्या तिलाच झापलंस, "जड हायेच मी. उचलून बघ की!" मला हसू आलं आणि रडूही आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिन्याभरात उभ्या राहिल्या तर चालतील, नाहीतर खाट कायमची.

गुरुवारी माझी सुट्टी. मी सायकल भिंतीला लावून आत येतो आणि कंपनीतल्या सवयीनं आधी तपासणीच करतो. खाटेच्या दांडीवरून बोट फिरवतो, धूळ नाही. चादरीवर डाग नाही, पाण्याचा तांब्या झाकलेला, वरणात डाळ आहे. तू मात्र गळ्यापर्यंत चादर ओढून भिंतीकडे तोंड करून पडलेली. "आई, थंडी वाजते का?" "व्हय." भर वैशाखात! कपाळाला हात लावतो, ताप नाही. "उठतेस का जरा? चार पावलं टाक." "आज नगं." तीन गुरुवार हेच चाललं. दाराशी नातेवाइकांच्या शेऱ्याची वही असायची. तीत मी तिन्ही वेळा 'व्यवस्था उत्तम, त्रुटी नाही' असं लिहून झोकदार सही ठोकली. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस मी, कंपनीत माझ्या नजरेचं कौतुक व्हायचं.

चौथ्या गुरुवारी तिथे तुम्हा म्हाताऱ्यांचं सगळं करणाऱ्या मावशीनं मला व्हरांड्यात गाठलं. "दादा, तुमची आई दुखतंय म्हनून पडून न्हाई. त्यो झगा घातल्यापासनं तिला लाज वाटती. अंगावर पदर न्हाई, डोईवर पदर न्हाई, लेकापुढं उभी कशी ऱ्हाऊ म्हनती." खुरपायला जाताना तू गुडघ्यापर्यंत लुगडं खोचायचीस, तरी डोक्यावरचा पदर ढळलेला मी जन्मात पाहिला नव्हता. आणि तीन आठवडे मी फक्त दांडीवरची धूळ बघत होतो.

मग माझं डोकंच फिरलं. तिथल्या मुख्य बाईंना तुझ्या खाटेपाशी बोलावून मी नाही नाही ते बोललो. "माणसं सांभाळता की पोती? म्हातारीला विचारायची काही पद्धत?" बाईंच्या हातात तुझी फाइल होती. त्यांनी ती उघडली, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे, आणि मिटली. "चुकलं आमचं. उद्यापासून लुगडं नेसवू," एवढंच म्हणाल्या. तू म्हणालीस, "असू दे रं, त्या बाईचा काय दोष?" पण तुझ्या डोळ्यांत माझ्याबद्दल काय अभिमान होता!

तुझ्या ट्रंकेतलं हिरवं लुगडं मी त्याच दिवशी नेऊन दिलं. ते नेसवायला मावशी रोज अर्धा तास लवकर यायची. आधी तुला आडवं ठेवून, मग स्टुलावर बसवून, कासोटा सैलसर घालून. पुढच्या गुरुवारी मी आलो तर तू स्टुलावर बसलेली. डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "धर मला." व्हरांड्यापर्यंत आलीस. नंतर घरी आलीस, चांगली तीन वर्षं काठी टेकत हिंडलीस, आणि लेकानं त्या बाईला कसं सरळ केलं ते साऱ्या आळीला सांगत राहिलीस.

आई, तुला ठेवलं त्या दिवशी बाईंनी मला विचारलं होतं, लुगडंच ठेवायचं की झगा घालायचा? तू शेजारच्याच खाटेवर होतीस, दोन हातांच्या अंतरावर. मी मान वळवून तुला विचारलंसुद्धा नाही. "झगाच बरा, सोयीचा," म्हणालो आणि सही केली. तो कागद बाईंच्या हातातल्या फाइलमध्ये होता. त्यांनी तो तुझ्यादेखत दाखवला नाही.

हे लिहून झालं तर हलकं वाटेल असं वाटलं होतं. पण तू आज समोर असतीस आणि हे पत्र तुला मलाच वाचून दाखवायचं असतं, तर त्या सहीपाशी आल्यावर मी जरासा खोकलो असतो, आणि ती ओळ गाळून पुढची वाचली असती.