अध्याय अर्धवट ठेवत नाहीत

मूर्तिजापूर,
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

चि. रागिणीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. तू पाठवलेल्या बीपीच्या गोळ्या मिळाल्या. तुझे सासरे त्या वेळेवर घेतात असं लिहिलं तर खोटं होईल, पण घेतात. झेंडू यंदा बरा आहे. दिवाळीत सगळा तोडून झाला असं वाटलं होतं, तर पुन्हा बहरला. तुळशीचं लग्न लागल्यापासून रोज पहाटे अकोल्याला माल जातो. तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग.

घरात फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी तोंड उघडलं की जेवलात का, पाय सुजले का, असं सुरू करतेस आणि मग कुणीतरी बोलावतंय म्हणून ठेवून देतेस. पत्राला तसं करता येत नाही. शेवटपर्यंत वाच.

आधी वाचनालयातली गंमत सांगते. तिथे नवा ग्रंथपाल आला आहे, ललित. पोरगा गुणी आहे पण हट्टी. त्याने गणपतीनंतर काढलं की एका दूरच्या देशातलं एकच पुस्तक सगळ्या गावाने मिळून वाचायचं. ज्यांना वाचता येतं त्यांनी घरी न्यायचं, बाकीच्यांसाठी दर शनिवारी संध्याकाळी सभागृहात मोठ्याने वाचन. यंदाचा देश मंगोलिया, आणि पुस्तक म्हणजे तिकडच्या मेंढपाळांची एक कादंबरी, मराठीत आणलेली. भिंतीवर मोठा नकाशा लावला, लोकरीच्या तंबूंचे फोटो लावले. पहिल्या दिवशी तर तिकडच्यासारखा मीठ घातलेला दुधाचा चहा दिला. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. तुझे सासरे मात्र दोन कप प्याले. वर लोकांना म्हणतात कसे, "कढी समजून प्या ना बापा!"

वाचायला ललित उभा राहिला, पण त्याचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. तेव्हा केशरबाईंनी माझं नाव पुढे केलं. त्याच त्या, नगरपरिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. वर्षावासात बुद्धविहारात ग्रंथ त्याच वाचतात. म्हणाल्या, "शकुनबाई, तुमी श्रावणात देवळात पोथी वाचता तं चौकापर्यंत ऐकू येते. उठा, लाजून नका राहू." मी म्हटलं, मग तुम्हीही वाचा. तेव्हापासून एक अध्याय त्यांचा, एक माझा.

सवयीने मी पोथीच्या चालीवरच सुरू केलं. घोडे, मेंढ्या, बर्फ, सगळं चालीवर. माझ्या पोथीला येणाऱ्या बायका हात जोडून बसल्या आणि पुढच्या शनिवारी नारळ घेऊन आल्या, पुस्तकाला घालायला हार घेऊन आल्या. हारही आपल्याच मळ्यातल्या झेंडूचा! केशरबाई उखडल्या. "हार कायले? हे कादंबरी हाय, इच्यात देव नाही. ऐका अन् प्रश्न इचारा." दोन्हीकडच्या बायका फुगून बसल्या, ललितचं तोंड एवढंसं झालं. शेवटी मी तो हार दाराला बांधला आणि नारळ फोडून सगळ्यांना वाटला. खोबऱ्याला कुणी नाही म्हटलं नाही.

आता या शनिवारचं लिहिते.

त्या गोष्टीत ओयुना नावाची एक तरुण बाई आहे. तिचा नवरा बर्फाच्या वादळात गेला. ती आणि तिची सासू एकाच तंबूत राहतात. हे मी कितीतरी शनिवार वाचत होते आणि वाचताना माझ्या मनात कोण असायचं ते तुला सांगायला नको. केशरबाईंनी पुढचं घरी वाचून ठेवलं होतं. त्यांनी मला दारातच बाजूला घेतलं. "आजचा अध्याय मी वाचतो, तुमी पुढचा घ्या." मला वाटलं, बाईला मिरवायचं आहे. मी म्हटलं, पाळी माझी आहे. पोथी मी कधी आधी चाळून पाहत नाही, तसंच हेही तिथेच उघडलं.

तर दुसऱ्या वस्तीवरचा एक माणूस ओयुनाला मागणी घालतो. ती नाही म्हणते. सासू एकटी पडेल, म्हणते. म्हातारी ते ऐकते आणि दुसऱ्या दिवशी आपल्या हाताने चांगला घोडा काढून त्यावर खोगीर घालते. सुनेला बसवते. जाणाऱ्याची वाट सुखाची व्हावी म्हणून तिकडे त्याच्या मागे दूध शिंपडतात, तसं पळीने दूध शिंपडते. माझा आवाज फाटला, रागिणी. चाल केव्हाच सुटली होती. साधंच वाचत राहिले.

तेवढ्यात तुझे सासरे मधेच उठून उभे राहिले. "शकुन, बस झालं. बंद कर थे पुस्तक."

आपला मनोज कोरोनात गेला हे सगळ्या गावाला माहीत आहे. ललित पुढे येऊन हळूच म्हणाला, "काकू, इथेच थांबू या का?" मी म्हटलं, "नाही. अध्याय अर्धवट ठेवत नाहीत." आणि ह्यांना म्हटलं, "बसा, नाहीतर बाहेर उभे राहा. मी वाचणार." एवढ्या वर्षांत चार लोकांत मी ह्यांना असं कधी बोलले नव्हते. हे बाहेर गेले. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

नंतर चर्चा असते. एक बाई म्हणाली, "असं तिकडंच चालते, आपल्यात नाही." केशरबाईंनी लगेच विचारलं, "काहून? तुमच्यात पाट नव्हते लागत?" मग मी उठले. म्हटलं, लागत होते. माझ्या आजीचा लागला होता. विधवेचं लग्न म्हणून गावाच्या मागच्या अंगाला, अंधारात. एकाही सवाष्णीने तिचं तोंड पाहायचं नाही असा नियम. आजीने मला हे स्वतः सांगितलं होतं. दुसरा नवरा तिला चांगला मिळाला, पण त्या अंधाराचा राग तिच्या मनातून मरेपर्यंत गेला नाही. मी हे मोठ्याने सांगितलं. हे खिडकीबाहेर उभे होते, त्यांनीही ऐकलं असणार.

दिवाळीच्या आधी तुझ्या आईचा मला फोन आला होता. तुला त्यांनी सांगितलेलं नाही. जीवनरावांनी तुला मागणी घातली, ते तुझ्याच शाळेत शिकवतात, माणूस सरळ आहे, आणि तू नाही म्हणालीस, एवढं त्या बोलल्या. कारण विचारलं तर तू म्हणालीस, मूर्तिजापूरच्या आईंना काय वाटेल.

खरं सांगू? ते ऐकून मला बरं वाटलं. दिवाळीला तू आलीस, माझ्याशेजारी बसून चकल्या पाडल्यास, आणि मी मनात म्हणत होते, राहू दे, माझी आहे ती. शनिवारी त्या म्हातारीचं वाचताना मला माझी लाज वाटली.

तेव्हा आता नीट ऐक. जीवनराव तुला आवडत नसतील तर त्यांना तोंडावर नाही म्हण, ते तुझं कारण. पण आवडत असतील आणि माझ्यासाठी नाही म्हणत असशील, तर ते मला मान्य नाही. मनोज माझ्या काळजात आहे, तिथून त्याला कुणी उठवत नाही. त्याच्यासाठी तू एकटं राहावंस अशी माझी इच्छा नाही. तो असता तर त्याचीही नसती.

तुझे सासरे शनिवारपासून फुलांपलीकडे बोलत नव्हते. आज सकाळी झेंडू तोडताना पाठमोरे असतानाच म्हणाले, "तिनं मले बाबा म्हननं सोडलं तं?" मी म्हटलं, तिलाच विचारा. अजून विचारलेलं नाही. ते येतील की नाही मला माहीत नाही, मी त्यांच्यासाठी थांबणार नाही.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी बडनेऱ्याला उतरते. घ्यायला ये. जीवनरावांना आणि त्यांच्या आईला त्या दिवशी जेवायला बोलव, मला दोघांनाही पाहायचं आहे. तू हो म्हणालीस तर लग्न भर दिवसा लागेल, वाजतगाजत, आणि गावातली प्रत्येक सवाष्ण बोलावलेली असेल. फुलं आपल्या मळ्यातली. कुणी नाक मुरडलं तर माझ्याकडे पाठव. आणि जीवनरावांच्या आईला आधीच सांगून ठेव की त्यांना दोन विहिणी मिळणार आहेत. त्यातली मूर्तिजापूरची मानपानात जरा कमी पडलं तरी रुसणार आहे.

तुझी,
मुलीकडची,
शकुन