तुमचं ते मिलमध्ये बसून राहणं

सर, काल मी तुमच्यासारखी तुमसरच्या राईस मिलमध्ये जाऊन बसले आणि तोंडावर आपटले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग काढायला दुसरं माणूस सापडत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्ही आम्हाला आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचात. शिकवायचात असं आपलं म्हणायचं. समजावून सांगणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून सपाट करायचा, त्यावर काटकोनी गुण्या टेकवून खिडकीकडे धरायचा, आणि मधून उजेड दिसला की तुम्ही तो जॉब सरळ भंगाराच्या पेटीत टाकायचात. "उजेड दिसून राहिला. दुसरा घे." एवढाच तुमचा धडा. का चुकलं, कानस कशी धरायची, कोपर कुठे ठेवायचा, एका शब्दाने सांगणार नाही. वर्गात मी एकटी मुलगी, आणि पेटीत सगळ्यात जास्त जॉब माझे. आता त्याच वर्कशॉपमध्ये मी निदेशक आहे. मी पोरांच्या मागे उभी राहून त्यांचा हात धरून घासून दाखवते, चुकलं तर का चुकलं ते सांगते, आणि त्यांना ते येतंसुद्धा. या बाबतीत मी तुमच्यापेक्षा बरी आहे. हे तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत तेव्हा नव्हती.

पण पोरांना कामाला लावावं ते तुम्हीच. नवीन धान यायच्या आधी मिलवाले मशिनी उघडून दुरुस्त करायचे, तो मोका साधून तुम्ही लुनावर एकेका पोराला मागे बसवून न्यायचात. माझा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. मालक माझ्या हातात झाडू देतो. तुम्ही खुर्ची ओढता आणि बसता. मालक म्हणतो, "मास्तर, तुमी जा न आता. पोरगीले आमी पाहून घेतो." तुम्ही म्हणता, "तिच्या हातात पाना दे, मंग जातो." चहा येतो. पुन्हा चहा येतो. जेवायची वेळ होते, तुम्ही डबा उघडून तिथेच जेवता. शेवटी मालक मिस्त्रीवर ओरडतो, "देऊन टाक बाप्पा तिले एक पाना, नाही त मास्तर इथंच मुक्काम ठोकन!" मला पाना मिळतो, आणि सगळी मिल माझ्याकडे बघते आहे या लाजेने मी तुमच्याजवळ येऊन पुटपुटते, "सर, जा न जी तुमी." तुम्ही उठता आणि लुना चालू करून निघून जाता.

आता लुना नाही, बॅनर आहे. मिलमालक आणि प्राचार्य हातात हात घेऊन फोटो काढतात, करारावर सह्या होतात, वर आम्हा निदेशकांना 'उद्योगांशी नातं कसं जोडावं' याचं प्रशिक्षण, तेही एका हॉलमध्ये दिवसभर बसवून, जिथे उद्योगवाला औषधालाही नसतो. विद्यार्थ्यांची अडचण ऐकायला समुपदेशन कक्ष काढला आहे. त्यात मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत.

माझी एक विद्यार्थिनी आहे, लाखांदूरकडच्या दिघोरीची. वडील तलावावर मासे धरतात. पूर्ण वर्गात तिच्याइतका साफ हात कुणाचा नाही. अप्रेंटिस म्हणून तिला तुमसरच्या त्याच मिलमध्ये घेतलं, जिथे तुम्ही मला नेलं होतं, आणि तेव्हापासून ती तिथे चहा देते आणि फाटकावर ट्रकचे नंबर लिहून घेते. मला भेटायला आली तर डोळ्यांत पाणी नाही, नुसती चीड. "मॅडम, मी फिटर शिकली का चपराशी? हा महिना झाला का मी घरी चालली." घरी गेली की ती परत येणार नाही, आणि तिच्या गावातून दुसरी मुलगी या ट्रेडला कुणी पाठवणार नाही, हे मला ठाऊक आहे. प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "हजेरी लागते ना? मग अडचण काय आहे?" मी कपाळावर हात मारला, मनातल्या मनात.

म्हणून काल गेले. मालकाचा मुलगा आता मालक आहे. "मॅडम, पोरीले मशीनजवळ कायले उभी करता? पट्ट्यात ओढणी अडकली त जबाब मले द्या लागन." मी म्हटलं, ती एप्रन घालून, केस टोपीत घालून येते. तुमच्या माणसांचे लोंबते गमछे बघा आधी. त्याने मोबाईल काढला. मी खुर्ची ओढली. चहा आला. तुमच्यासारखा डबाही नेला होता मी, तोही खाल्ला. दुपार कलल्यावर तो वैतागला आणि मिस्त्रीला सांगून तिच्या हातात ग्रीसगन दिली. मी मनातून इतकी फुगले, सर! तेवढ्यात ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी जा न जी. तुमी बसून राहाल तवरच हे देतीन. उद्या कोन बसन?"

उद्या कोण बसेल, हे तुम्ही तरी कुठे ठरवलं होतं? तुम्ही रिटायर झालात, मग गेलात, आणि तुमचं ते बसणं तुमच्याबरोबर गेलं. सोबतच्या एकाही मास्तराला तुम्ही कधी म्हटलं नाही की चल, आज तू बस. मालकाच्या मुलाला तुम्ही आठवतसुद्धा नाही. एका माणसाच्या हट्टावर संस्था चालते का? याचाच मला संताप येतो, आणि काल मीही तेच करून आले.

मी उठले खरी, पण बस धरली नाही. मिलसमोरच्या चहाच्या ठेल्यावर उभी राहिले. थोड्या वेळाने ती रिकामी बाटली घेऊन फाटकापर्यंत आली, हाताला ग्रीस, आणि तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मी दिसले. बाटली न भरताच ती परत आत गेली.

आज सकाळी वेल्डिंगच्या सरांना म्हटलं, मी उद्या जाते, परवा तुम्ही जाऊन बसाल का? ते हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तर एक सांगून टाकते. मिलमधल्या माझ्या त्या पहिल्या दिवशी तुम्हाला जा म्हटलं आणि मग मीही पाण्याचं निमित्त करून फाटकापर्यंत आले होते. दोन्ही बाजूंना बघितलं. तुम्ही खरंच निघून गेला होतात.