लायसन्स कशाला?

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आमच्या लेकीला, हर्षिताला, पुण्यात नोकरी मिळते आहे म्हणे! कसली तरी संस्था आहे. सरकारनं कायदा केला की हे लोक तो वाचणार आणि विचारणार, "हा कशाला केला?" याचा पगार! मी म्हटलं, बघू. माझ्या 'बघू'चा अर्थ तिला चोवीस वर्षांत चांगला कळला आहे. अर्ध्या जेवणावरून उठली.

मलकापूरचं स्थळ काय वाईट आहे? श्रेयांस निर्व्यसनी, धंदा होलसेलचा. एप्रिलच्या आत उरकून टाकावं.

४ फेब्रुवारी

शनिवारी धुळ्याला विद्यार्थ्यांची परिषद आहे. सरकारनं माणसाच्या व्यवहारात किती नाक खुपसावं, असा विषय. हर्षिता बोलणार आहे — 'लायसन्स कशाला?' एकटी जाते म्हणाली. एकटी! म्हटलं, मी येतो.

हेमलता म्हणाली, "अहो, तिथे सगळी पोरं-पोरी. तुमचं काय काम?" वा! पस्तीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवतोय. लायसन्स म्हणजे काय हे त्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त कळणार आहे? आयोजक मुलाला, भूषणला, फोन करून सांगितलं — बारा वक्त्यांना बारा स्टीलचे तांबे आमच्या दुकानातर्फे. पोरगा खूश!

७ फेब्रुवारी

लग्नसराई. श्वास घ्यायला फुरसत नाही. तांब्यांवर नावं घालायचं काम दुकानातल्या उखर्डूवर सोपवलं. सव्वीस वर्षं त्या मशीनवर बसतोय, बघायला नको.

९ फेब्रुवारी

काल धुळ्याहून आल्यावर लिहायची इच्छाच झाली नाही. आज लिहितो.

सुरुवात झकास झाली. पहिला वक्ता, मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नाही, पण काय बोलला! "दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं काही ठरवत असतील, तर तिसऱ्यानं मध्ये पडू नये." मी टाळ्या वाजवल्या. सगळा हॉल वळून बघायला लागला. दुसरा म्हणाला, दुकान कधी उघडायचं, कधी बंद करायचं हे दुकानदार ठरवेल. पुन्हा टाळ्या! अहो, हे तर मी केव्हापासून सांगतोय, आमचं ऐकतो कोण?

जेवणात बटाटा होता. आम्ही जैन, दहीभातावर भागवलं.

मग प्रश्नोत्तरं. मी उठलो. दरवर्षी वजनकाट्याला शिक्का मारून आणायचा त्रास सुरुवातीपासून सांगितला. भूषणनं चिठ्ठी पाठवली, "काका, वेळ संपली." मी माईकवरच म्हटलं, "इथेही बंधन? मग स्वातंत्र्य कसलं!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. हर्षिता तेवढी खाली बघत होती.

आणि मग ती बोलली. घरात दोन शब्दांच्या वर न बोलणारी पोरगी! कागद नाही, काही नाही. "सारखी परवानगी मागून माणूस स्वतःला लहान समजायला लागतो. आणि देणाऱ्याला वाटतं, आपण फार मोठे." सरळ माझ्याकडे बघत म्हणाली. मला वाटलं, काट्याच्या शिक्क्याबद्दलच बोलतेय. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या. ऊर भरून आला होता, खोटं कशाला लिहू!

शेवटी तांबे. प्रमुख पाहुणे आणि बारावे वक्ते म्हणजे साठी उलटलेले एक प्राध्यापक, ब्रह्मचारी. त्यांनी तांब्या हातात घेतला, चष्मा वर केला आणि माईकवर वाचलं — "शुभविवाहानिमित्त सप्रेम भेट." मग म्हणाले, "उशीर झाला, पण आभारी आहे." हॉल कोसळला. बाराच्या बारा तांब्यांवर तेच! मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

हर्षिता हसली नाही. तिच्याही हातात तांब्या होता. गाडीत बसल्यावर म्हणाली, "पप्पा, सरळ नाही म्हणायचं होतं. बारा तांबे कशाला?" शपथेवर सांगितलं, मी नाही, उखर्डूनं केलं. तिनं कानात इअरफोन घातले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, जळगाव आलं.

१० फेब्रुवारी

उखर्डूला धरलं. "अरे, परिषद होती ती! लग्न कुणाचं होतं?"

तो शांतपणे म्हणाला, "शेठ, माले वाटनं ताईनं लगीन ठरनं. तुम्हीच तं दिनभर लगीन-लगीन करी राह्यनात!"

मलकापूरला शुक्रवारी मी चार फोन केले होते, त्याच्याच शेजारी बसून.

दुपारी जेवताना जरा मन हलकं करावं म्हणून हेमलताला परिषदेतलं ज्ञान सांगत होतो. दोन सज्ञान माणसं, राजीखुशी, सरकारनं मध्ये पडू नये, वगैरे. ती पोळी वाढत म्हणाली, "आणि बापानं?"

मी वरण मागितलं.

११ फेब्रुवारी

मलकापूरहून फोन आला. मी म्हटलं — बघू.

हर्षिता जेवली. ताट उचलून खोलीत गेली. घर खायला उठतं.

१२ फेब्रुवारी

सकाळी हर्षिताला हाक मारली. म्हटलं, आण तुझा पुण्याचा कागद. तिनं ठेवला समोर आणि दाराला टेकून उभी राहिली. दोन पानं मागेपुढे केली. "सही कुठे करायची?" पुढे येऊन शेवटच्या पानावर बोट ठेवलं तिनं.

ऐटीत सही ठोकली. मग चष्मा लावून वाचलं. अख्खा फॉर्म छापील. 'वडिलांची संमती' एवढेच दोन शब्द आणि खालची रेघ पेनानं. अक्षर हर्षिताचं.

संस्थेनं ती मागितलीच नव्हती.