जाळी दबलेला माईक

नांदेड,
ता. ९ फेब्रुवारी

प्रिय भुजंग,

जय भीम. धर्माबादला तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. इकडं तुझ्या सालेहाभाभीची कंबर धरली होती, आता हिंडून-फिरून राहिली. तुझी आठवण काढते.

माझं काम तेच. बंद पडलेल्या स्टुडिओंचे जुने माईक आणायचे, उघडायचे, धुरानं आणि थुंकीनं बसलेला मळ काढायचा, ओल वाळवायची, तुटली तार जोडायची आणि विकायचे. आतला पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो, फुंकर मारली तरी जातो. तुला यातलं काही कळत नाही, तरी मी तेच सांगून राहिलो. पुढचं लिहायला हात धजत नाही, म्हणून.

फोनवर तुझ्या बहिणीचं, मायाचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस. म्हणून हा कागद. सालेहाच्या हाती देतोय. तिच्यासमोर तरी शेवटपर्यंत वाच.

गेल्या महिन्यात लातूरहून तिच्या नवऱ्याचं, सुदामचं खोकं आलं. स्टुडिओ बंद करतोय, हे माईक दुरुस्त करून विकून टाक, असा निरोप होता. त्यात मायाचा माईक निघाला. तो मीच तिला जुळवून दिला होता, आतला जोड माझ्याच हातचा. लग्नात ती सासरी दुसरं काही न घेता तेवढाच घेऊन गेली होती. तो ती विकायला देईल हे मला पटेना.

त्याची तोंडावरची जाळी आत दबली होती. माईक पडला तर काठ चेपतो. हा मधोमध दबला होता. जाळी सोडवली तर तारांत लांब केस अडकलेले, आणि मुळाशी काळं पडलेलं काहीतरी. मी ते पुसलं नाही. जाळी तशीच कागदात गुंडाळून ठेवली आणि माईकला दुसरी बसवली.

सुदामला फोन केला. म्हणाला, माया पुण्याला गेली, आता तिकडंच राहणार. मी म्हणालो, गिऱ्हाईक हाय, पण तुझ्या मशीनवर लावून आवाज ऐकावा लागंल. तो तयार झाला.

दुपारी लातूरला पोहोचलो. स्टुडिओत तो एकटाच. आतल्या गाण्याच्या खोलीला बाहेरून कुलूप. त्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकल्यात, आतला आवाज बाहेर येत नाही. मी बाहेरच्या खोलीत माईक लावला, पंखा बंद करायला लावला, हेडफोन कानावर चढवले आणि आवाज वाढवत नेला. सुदाम समोर खुर्चीवर, माझ्या तोंडाकडं बघत.

आधी नुसती सूं सूं. मग भिंतीपलीकडून कुणीतरी घसा खाकरलं. दोनदा, बारीक. भुजंग, गाण्याआधी माया जशी खाकरायची, तसंच. त्यानंतर कण्हणं.

तो म्हणाला, "कसाय आवाज?"

मी म्हणालो, "बरा हाय. थोडी घरघर हाय. घरी न्यावा लागंल."

"काय ऐकू येतंय का?"

"न्हाई. मशीनचीच हाय घरघर."

माझे हात हेडफोनच्या वायरीत अडकत होते आणि तो उठून दारात जाऊन उभा राहिला होता. त्याच्या अंगाला घासून मी बाहेर पडलो. तो म्हणाला, "ताहेरभाई, सांभाळून जा."

ओळखीचा एक वकील आहे, त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "तू दार तोडायला जाऊ नको. तुझं नाव ताहेर, तिचं महामाया. भलतीच गोष्ट उठंल. आधी बाईमाणूस पाठव." मग सालेहा गेली. तिथं धुणीभांडी करणारी धुरपताबाई आहे, तीच आत ताट नेऊन द्यायची. सालेहानं तिला विचारलं, तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "मला मालक म्हणले बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, डाक्टरनं अंधारात ठिवायला सांगितलंय." सुदाम उदगीरला कार्यक्रमाला गेला, त्या दिवशी तिनंच कुलूप काढलं.

माया आमच्या घरात आहे.

कानामागं त्या माईकाच्या माराची जखम आहे, भरत आलीय. तिला हैदराबादहून गाण्याचं बोलावणं आलं होतं, एकटीला. तिनं जाते म्हणून सांगितलं, एवढंच. आता सुदामनं अर्ज दिलाय की मी त्याची बायको पळवली. दोन दिवस झाले, दुकानासमोर अनोळखी पोरं मोटरसायकली लावून बसतात. शेजारचा पानवाला माझ्याशी बोलायचा बंद झाला.

तिला पोलिसांत जबाब द्यायचाय. ती म्हणते, दादा आला तर जाईन. तिनं सुदामशी लग्न केलं तेव्हा माझी बहीण मेली असं तू म्हणाला होतास, ते तिला माहीत आहे. तरी म्हणते.

मला दोस्त मानायचं का नाही ते मागाहून ठरव. आधी तिचा भाऊ म्हणून ये.

वाट बघणारा,
ताहेर


नांदेड,
ता. १६ मार्च

प्रिय भुजंग,

जय भीम. हे पत्रही सालेहाच्या हातीच. फोनवर यातलं एक अक्षर बोलू नको.

तू त्या दिवशी गाडीतून उतरलास, मायानं तुझी बाही धरली आणि जबाब संपेपर्यंत सोडली नाही. ते मी विसरणार नाही. जाळी पोलिसांत जमा केली, वकील म्हणतो पुरावा पक्का आहे. तिला धर्माबादला न नेता सिंधुमावशीकडं मुखेडला ठेवलंस हेही बरं केलंस. परवा मावशीच्या फोनवरून तिनं मला गाण्याची एक ओळ ऐकवली. मधेच आवाज फाटला, तर हसली. सालेहा माझ्या शेजारी रडून राहिली होती.

आता खरं ते लिहितो. सुदाम जामिनावर सुटला, हे तुला कळलंच असेल. काल भरदुपारी तो माझ्या दुकानात आला. एकटाच, इस्त्रीचा सदरा घालून. तोडफोड नाही, शिवी नाही. पिशवीतून एक साधा माईक काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा जरा बघून ठेवा. घाई न्हाई." पाणी मागितलं, मी दिलं. प्यायला.

उठताना म्हणाला, "ताहेरभाई, मुखेडचा आठवडी बाजार कोण्या वारी भरतो हो?"

मी म्हणालो, मला ठाऊक न्हाई.

"असू द्या," म्हणाला. "विचारून घेतो."

मुखेडचं तुला, मला, सालेहाला आणि मावशीलाच माहीत होतं. त्याला कुठून कळलं ते शोधत बसायला वेळ नाही. वकिलाला सांगितलंय, तो आज अर्ज देतोय. पण तू कागदाची वाट बघू नको. हे वाचून झालं की मुखेडची गाडी धर आणि तिला तिथून काढ.

कुठं नेलंस ते मला सांगू नको. सालेहालाही नको. तो परत येणार, आणि त्या वेळी मला खरंच माहीत नसलेलं बरं.

तुम्हा दोघांचा पत्ता न विचारणारा,
ताहेर