खिंडीपलीकडची उतरण

प्रिय आई,

तू खिंडीपर्यंत यायला कबूल झालीस हे बाबांनी सांगितलं आणि मी पलंगावरच बसून टाळ्या वाजवल्या! पण त्यांचं पुढचं वाक्य ऐकून चेहरा पडला. वर भेटून तू तिथूनच परत फिरणार म्हणे, वळणांची भीती वाटते म्हणून आमच्या बाजूची उतरण नको. हे अजिबात चालायचं नाही. फोनवर घाटाचं नाव काढलं की तू "बघू गं" म्हणतेस आणि फोन बाबांच्या हातात देतेस, म्हणून हे पत्र. ही वाट पर्यटकांना दाखवून मी पोट भरते, आणि सख्ख्या आईला पटवता येऊ नये?

तुमची बस सरहद्दीच्या फाटकाशी थांबेल. कुठलीच बस फाटक ओलांडत नाही. आपापली बोचकी उचलून सगळे पुढच्या फाटकापर्यंत चालत जातात. दोन्हीकडे जुन्या तोफा आणि व्यापाऱ्यांच्या खेचरांसाठी खोदलेली दगडी कुंडं आहेत. तेवढ्या रस्त्यात माणूस जणू कुठल्याच देशात नसतो, टोपी उडाली तर मागायची कुणाकडे! त्याच रस्त्याच्या मध्यावर ते विश्रामगृह, जिथे आपण भेटायचं ठरवलंय. ते बांधायला घेतलं तेव्हा सीमेचे दगड बर्फाखाली गाडलेले होते. गवंड्यांनी अंदाजपंचे भिंती उभ्या केल्या. बर्फ वितळल्यावर बघतात तर चूल एका देशात आणि जेवायचं टेबल दुसऱ्यात! आजही चहा तिकडे उकळतो आणि इकडे प्यायला येतो. आचाऱ्याच्या दिवसभर परदेशवाऱ्या चालतात, तेही कागद न दाखवता.

पण खरी मजा त्याच्या खाली आहे गं, पुढच्या फाटकाशी आमच्याकडची बस धरली की. पहिलं वळण घेतलं की अख्खी दरी उघडते आणि तळाशी हिरवंगार तळं दिसतं. मग तो कडा, ज्याच्यावर सुखरूप पोचलेल्या व्यापाऱ्यांनी आपली नावं कोरलीत. काहींनी खेचरांचीसुद्धा! पुढे धबधबा, थेट बसच्या खिडकीत शिंतोडे उडवणारा. तू डोंगराच्या बाजूला बस म्हणजे दरी दिसायची नाही. बस चालवणारी मावशी प्रत्येक वळणाआधी हॉर्न देते आणि कुणाच्या बापाचं ऐकून घाई करत नाही. उलटीची लाज बाळगू नकोस. गेल्या आठवड्यात मीच केली! मावशी बघतच राहिली, "तुला कधीपासून गाडी लागायला लागली?"

आई, मी विश्रामगृहापर्यंत येऊ शकणार नाही. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, बहुतेक वेळ पडूनच राहायला सांगितलंय. तू आजी होणार आहेस! मी इतकी खूश आहे की नवऱ्याला दिवसातून दहादा तेच तेच सांगते. आणि एक राहिलंच. गेल्या हिवाळ्यातही मला दिवस गेले होते. ते टिकलं नाही. खिंड बंद होती, तुला येता आलं नसतं, उगाच तिकडे तुझा जीव टांगणीला लागला असता, म्हणून मी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. आता पुन्हा बर्फ पडायच्या बेतात आहे, एकदा फाटक लागलं की उन्हाळ्यापर्यंत उघडत नाही. त्याआधी खाली ये. मला फार भीती वाटते, आई. या वेळी तू इथे हवीस.

तुझीच,
धाकटी