मुलाखतीतली एकच खुर्ची

तीर्थस्वरूप काका,

नमस्कार करण्याची आज इच्छा नाही. केवळ रीत म्हणून करते.

अध्यापक महाविद्यालयाच्या लेखी प्रवेश परीक्षेत मी पहिली आले होते. उरली होती फक्त मुलाखत. "पालकांनी बाहेर थांबा," असे शिपाई सांगत असतानाही तुम्ही माझ्यापाठोपाठ आत शिरलात आणि प्राचार्यबाईंसमोरच्या एकुलत्या खुर्चीत बसलात. मी उभी राहिले.

"शिक्षिका का व्हायचे आहे?" बाईंनी मला विचारले. मी वाक्य जुळवते आहे, तोच तुम्ही म्हणालात, "मॅडम, पोरगी भारी लाजाळू. त्यात मराठी माध्यम. म्हटलं, सासरी जायच्या आत बी.एड. उरकून टाकू."

पुढची उत्तरेही तुमचीच. माझा आवडता विषय तुम्हीच सांगितलात, तोही चुकीचा. "काका, तुम्हालाच प्रवेश देऊ का?" असे बाईंनी विचारले, तेव्हा तुम्ही खो खो हसलात.

आज निकाल लागला. मला प्रवेश नाही. शेरा आहे, 'उमेदवार बोलत नाही.' त्यावर तुम्ही आईला म्हणालात, "वहिनी, मी होतो म्हणून तेवढं तरी निभावलं. हिची तर दातखीळच बसली होती."

काका, माझा कोणता दात दुखतो, हेही डॉक्टरांना आजवर तुम्हीच सांगत आला आहात.

पुढच्या वर्षी मी एकटी जाईन. हे पत्र मात्र तुम्हाला देणार नाही. वर्गावर जाण्यापूर्वी शिक्षक पाठाचे टाचण काढतात, तसे हे माझे टाचण आहे. पाठ आज जेवताना, सर्वांसमोर घेईन. मध्ये बोललात, तर उभे करीन.

तुमची,
बोलता येणारी पुतणी