कात्रणांच्या खोक्यातले काळे गुलाब

३ ऑक्टोबर, गुरुवार

ठरलं! यंदा विनिफ्रेड कॉफमनचं नाक कापायचं. नाहीतरी दिवसभर कागद कापतेच, त्यात आणखी एक नाक!

चर्चच्या तळघरात आज आमचा हाताने शुभेच्छाकार्डं करणाऱ्या बायकांचा क्लब भरला. ग्रंथालयाच्या मिस ओडेल खाली येऊन हॅलोवीनच्या स्पर्धेचा विषय सांगून गेल्या – गॉथिक कार्ड. "भोपळे नकोत, हसरी भुतं तर मुळीच नकोत. जुनी दफनभूमी, गंजकं फाटक, काळी फुलं असं काहीतरी आणा. आणि कागदाची फुलं आपल्या हातची हवीत बरं का, दुकानातली चालणार नाहीत."

निळी फीत दरवर्षी विनिफ्रेडला. लाल फीत दरवर्षी मला. माझ्या लाल फितींनी ड्वेन परसातले टोमॅटो बांधतो. "दुसऱ्या नंबरचे टोमॅटो," असं शेजाऱ्यांना सांगतो. नवरा आहे म्हणून सोडलंय!

६ ऑक्टोबर, रविवार

काळा जाड कागद घेतला. त्यात शवपेटीच्या आकाराची खिडकी कापली, खिडकीत लोखंडी फाटक, फाटकावर डोमकावळा. कडांना द्राक्षाच्या रंगाची शाई स्पंजाने चोपडली. एवढं झालं की कोणालाही वाटतं आपण कलावंत आहोत. खरी परीक्षा गुलाबांची!

गोल कागदाची जिलबीसारखी लांब पट्टी कापायची, बाहेरच्या टोकाकडून गुंडाळत आत यायचं, बुडाला गोंदाचा ठिपका. मी डावरी. त्यामुळे माझे गुलाब सगळ्यांच्या उलटे फिरतात. क्लबात यावरून बरीच टिंगल झाली आहे. होऊ दे.

आज वळलेले सगळे सैल पडले. माझ्या कार्डावर एकही ढिला गुलाब बसणार नाही – घट्ट हवा, एकसारखा हवा, सैनिकासारखा हवा. फसलेले पिशवीत भरलेत. गुरुवारी क्लबातल्या कात्रणांच्या खोक्यात फेकेन.

गरम गोंदाचे तंतू फाटकावर लोंबले होते. ड्वेन म्हणाला, "राहू दे की, कोळ्याची जाळी म्हणून खपेल." शहाणाच आहे! राहू दिले.

१० ऑक्टोबर, गुरुवार

विनिफ्रेड आज बोटं उघडी असलेले लोकरीचे हातमोजे घालून आली. तळघरात चर्चला ऊब देणारी भट्टी तापलेली, आम्ही घामाघूम, आणि या महाराणी मोजे घालून बसलेल्या! गेल्या वर्षापासूनचं हे नवीन थेर. कापत नाही, चिकटवत नाही. घरून करून आणते म्हणे. इथे हात चालत नाहीत, तोंड मात्र अखंड चालू.

गप्पा मारता मारता मीही दहाबारा गुलाब वळले. लक्ष नव्हतंच, एकाच्या पाकळीवर अंगठ्याची शाई उमटली. सगळे खोक्यात टाकले. कात्रणांचं खोकं दाराशीच असतं – उरलेले कागद, फसलेले तुकडे त्यात टाकायचे, ज्याला हवं त्याने न्यायचे. तेवढ्यात मागून ही बया येऊन खोक्यात डोकावते आणि म्हणते कशी – "आर्लीन, तू टाकतेस ती जास्त छान असतात गं."

म्हणजे मी ठेवते ती टाकाऊ! किती गोड आवाजात केसाने गळा कापला! मी म्हटलं, "हो ना, मलाही टाकायचंच काहीतरी होतं."

हे वाक्य तिथे सुचलं नाही. घरी येताना गाडीत सुचलं. पण सुचलं!

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पायरीवर बरणी. सफरचंदं आटवून केलेला काळा जॅम, झाकणाला चौकटीचं कापड, आणि त्यावर नुसतं "– विनिफ्रेड." गेल्या वर्षीही स्पर्धेच्या तोंडावर अशीच आली होती. बोकडाला सणाच्या आधी हिरवा चारा! चिठ्ठी नाही, कारण नाही. बरणी न उघडता गॅरेजात नेऊन ठेवली, रंगाच्या डब्यांशेजारी. गेल्या वर्षीची तिथेच आहे. एकमेकींना सोबत होईल.

२० ऑक्टोबर, रविवार

कार्ड पुरं झालं. देखणं झालंय, मीच म्हणते! फाटकाभोवती गुलाबांची रांग, एकेक असा घट्ट की नखाने उलगडणार नाही.

फक्त पाकिटात जात नाही. इतकी वर्षं कार्डं करते आणि फुलांची उंची मोजायची विसरले! दाबलं तर गुलाब चेपतात, न दाबलं तर पाकीट आ वासतं. शेवटी पुठ्ठ्याची पेटी करून कार्ड आत ठेवलं. ड्वेनने पेटीला झाकण लावलं, टोपी काढून छातीशी धरली आणि दोन मिनिटं मान खाली घालून उभा राहिला.

हसले. पण यंदा निळी फीत हवीय मला. गंमत म्हणून नाही, खरंच हवीय. एकदा तरी विनिफ्रेडने माझ्या कामाकडे बघून गप्प बसावं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दुसरा नंबर. लाल फीत. टोमॅटो खूश असतील.

मिस ओडेलनी आधी माझं कार्ड उचललं. "फार मेहनत आहे," म्हणाल्या. मेहनत! नापास पोराच्या आईला मास्तर सांगतात तसं. "पण गुलाब जरा आवळलेल्या मुठींसारखे झालेत." मग विनिफ्रेडचं उचललं. "आणि हे बघा. कसे सहज उमललेत! या हाताला कसली घाईच नाही."

टाळ्या. मीही वाजवल्या, हातमोजे नसल्यामुळे मोठ्याने वाजल्या.

नंतर कॉफी प्यायला सगळ्या पांगल्यावर मी तिच्या कार्डाजवळ गेले. गेल्या वर्षी रागाने तिचं कार्ड धड पाहिलंही नव्हतं. आज पाहिलं. पडक्या कमानीवरून काळे गुलाब ओघळत आलेले. ढिले. वेडेवाकडे. सुंदर!

आणि सगळे उलटे फिरलेले.

डाव्या हाताचे. क्लबात डावरी मी एकटी. खालच्या कोपऱ्यातल्या गुलाबाच्या पाकळीवर द्राक्षी रंगाचा अंगठा – माझा!

म्हणजे मी माझ्याच हातून हरले. तेही फेकलेल्या मालाकडून! आणि आयत्या बिळावर हा नागोबा निळी फीत लावून कॉफी पितोय.

२७ ऑक्टोबर, रविवार

खोक्यातलं कोणीही न्यावं, हे खरं. पण कागद न्यावा, चिंध्या न्याव्यात. फुलं नेऊन "माझ्या हातची" म्हणायचं?

चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसली होती. प्रार्थनेत मन लागलं नाही. तिच्या टोपीकडे बघत राहिले.

३० ऑक्टोबर, बुधवार

उद्या क्लबात सगळ्यांसमोर बोलायचं. वाक्य पाठ केलंय – "विनिफ्रेड, एक गुलाब वळून दाखवतेस का आम्हाला? तुझ्या हाताने?" बस. एवढंच. पुढे तिचं तोंड बघायचं.

ड्वेनला म्हणून दाखवलं. त्याने शिकारीची बंदूक पुसता पुसता ऐकून घेतलं. म्हणाला, "झकास. आणि मग?"

"मग काय! सगळ्यांना कळेल."

"काय कळेल? की तुझे बाद गुलाब तुझ्या चांगल्या गुलाबांपेक्षा चांगले असतात?"

आज त्याला रात्रीचं जेवण स्वतःचं स्वतः वाढून घ्यायला लावलं.

पण बोलणार. हरण्याची सवय आहे मला, पण चोरीला टाळ्या वाजवण्याची नाही. वाक्य पुन्हा पाठ केलं. आता झोपेतही म्हणेन.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

बोलले नाही.

तळघराच्या जिन्यावर विनिफ्रेड माझी वाट बघत उभी होती. मी तोंड उघडायच्या आत तिने हातमोजे काढले. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी, गाठीगाठींची. म्हणाली, "गेल्या वर्षापासून कागद वळता येत नाही गं. चिमट्याने चिकटवते, तेवढंच जमतं. तुझ्या लक्षात आलं, आणि तू कुणापाशी बोलली नाहीस. मुकाट्याने माझ्यासाठी खोक्यात फुलं घालत राहिलीस. मला धड आभार मानता येत नाहीत, माझ्या तोंडून भलतंच निघतं. म्हणून बरणी ठेवत होते. आवडतो ना जॅम?"

"फार," मी म्हणाले.

तिने पर्समधून निळी फीत काढून माझ्या हातात कोंबली आणि माझ्या आधी जिना उतरून गेली. आत गेल्यावर तोंड लगेच चालू!

दोन्ही बरण्या गॅरेजातून आत आणल्या आहेत. ड्वेन ब्रेड भाजतोय.

आणि हो – आज मूठभर गुलाब वळले, गप्पा मारत, न बघता. निघताना खोक्यात ठेवले. आजवर टाकत होते.